चष्म्यावरची वाफ

आमच्या घरात स्कूटरचा वेग मोजायचं एकच यंत्र होतं, अण्णांचा चष्मा. रविवारी सकाळी मी बडोद्याच्या सयाजीगंजातून शेव-उसळ घेऊन यायचो आणि कडीचा स्टीलचा डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचो. झाकण उघडायचा मान वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. पूजा आटोपून, कपाळावरच्या ओल्या गंधासकट, एखाद्या उद्घाटनाला आल्यासारखे ते यायचे, डब्यावर वाकायचे आणि झाकण काढायचे. लाल तर्रीची वाफ भसकन वर यायची. दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या की अण्णा तसेच आंधळ्यासारखे सगळ्यांकडे तोंड फिरवून म्हणायचे, "पास! पहिल्या वर्गात पास!" एकच काच धुरकटली तर, "आज कुठं रेंगाळला होतात, चिरंजीव?" आणि काचा स्वच्छच राहिल्या तर माझ्याशी न बोलता डबा आईकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "तापव." त्या एका शब्दात माझी आठवडाभराची इज्जत जायची. कॉलेजात मी दोनदा नापास झालो तेव्हा अण्णा इतके गंभीर झाले नव्हते.

सयाजीगंजातून निघायचं, काळ्या घोड्याच्या पुतळ्याला वळसा, विश्वामित्रीचा पूल, कोठी, मग रावपुऱ्याची गर्दी आणि शेवटी नागरवाड्याचं आमचं वळण. शहाण्या माणसाला दहा मिनिटं लागत. मी ते पाचवर आणलं होतं आणि माझे सगळे विक्रम खडूनं दाराच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले होते. आईनं दिवाळीला दार पुसलं तर मी दोन दिवस जेवलो नाही. स्कूटर आमच्याकडे नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून आली होती. अण्णांनी ती एकदाच चालवली, ती थेट दूधवाल्याच्या सायकलीवर. त्यानंतर ते मागच्या सीटवर बसत आणि मागून सूचना देत. स्कूटर माझी झाली. गॉगल लावून, केस कानांवर सोडून मी ती हाणायचो. शेजारचा जयेश मला रॉकेट म्हणायचा, आणि तो टिंगल करतो आहे हे मला फार उशिरा कळलं. "ब्रेक हा भित्र्यांचा दागिना," असं एक वाक्य मी स्वतः तयार केलं होतं आणि मुलींच्या घोळक्याजवळून जाताना ते मोठ्यानं म्हणायचो. वाक्य पूर्ण होईपर्यंत मुली मागं राहिलेल्या असत.

डबा ठेवायला स्कूटरला जागा नव्हती. हँडलला अडकवला की तो हेलकावे खाई आणि तर्री सांडे, आणि सांडलेल्या डब्याला अण्णांच्या परीक्षेत बसायलाच मिळत नसे. म्हणून मी युक्ती काढली. डबा पायाशी ठेवायचा आणि दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट आवळून धरायचा. मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो, हे ज्यांनी त्या काळच्या स्कूटरी चालवल्या आहेत त्यांना सांगायला नको. माझा उजवा पाय रविवारी सकाळी डब्याच्या नोकरीत असायचा. पुढचा ब्रेक हाताशी होता, पण तो दाबला की गाडी डोक्यावरून उलटते असं आम्हाला कुणीतरी शिकवलं होतं, त्यामुळे त्याला आम्ही हात लावत नसू. उरला हॉर्न. तो मात्र मी भरपूर वापरायचो.

आमच्या घरासमोर गल्लीच्या पलीकडे कोकिलामासी राहायची. मासी म्हणजे नात्यातली नव्हे. ती गुजराती, विधवा, शिवणकाम करून राहणारी. पण आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज आणि सगळ्या पोरांच्या चड्ड्या तिनं शिवल्या होत्या, त्यामुळे ती सगळ्यांचीच मासी होती. तिची मराठी आमच्या गुजरातीसारखी होती, म्हणजे जिथं अडेल तिथं दुसरी भाषा घालायची आणि पुढं जायचं. खिडकीला, तिच्या भाषेत बारीला, लावून तिचं पायानं चालवायचं मशीन होतं. आमची सकाळ त्या मशीनच्या आवाजानं सुरू व्हायची. सलग खडखड चालली की मासी लांब शिवण घालते आहे, थांबत थांबत आली की काखेचा गोल, एकदम बंद पडली की धागा तुटला, आणि आता ती मला हाक मारणार, "विनू, ए विनू, जरा सोयमां दोरो ओवून दे, तारी आंखो हजी नवी छे." मी जायचो. सुईत दोरा ओवण्याच्या बदल्यात एक सुखडीची वडी मिळायची. माझे डोळे तेव्हा नवे होते हे खरं. ते कुठं लागलेले असत, एवढाच प्रश्न होता.

अण्णांबद्दलही आत्ताच सांगायला हवं. आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, त्यांच्या हातचे मोडीतले कागद म्हणे दिवाणसाहेब मुद्दाम मागवून घेत. अण्णा सरकारी कचेरीत होते आणि त्यांचं काम लोकांनी आणलेले दाखले खरे की खोटे ते तपासायचं. त्यात त्यांचा हातखंडा होता. कागद उजेडाला धरायचा, शाईचा वास घ्यायचा, शिक्क्याची कड नखानं खरवडायची. "खोटेपणा नेहमी व्यवस्थित असतो विनू, तिथंच तो सापडतो," असं ते जेवताना सांगायचे. मला त्यांचा अभिमान होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

आता मी बडोद्यातच, वासण्याला सातव्या मजल्यावर राहतो. परवा मुलाचा अहमदाबादहून फोन आला. "बाबा, पोचलो. साठ मिनिटं. दारापासून दारापर्यंत." मी म्हटलं, "गाढवा, तुला बक्षीस देऊ का?" तर इकडे घरात सून हसून म्हणाली, "बाबा, पोचला ना सुखरूप? मग झालं." लिफ्टमध्ये भेटलेल्या शहाभाईंना मी हे सांगितलं, तर त्यांचे डोळे चमकले. "साठ? कई गाडी?" म्हणून त्यांनी विचारलं. मला लिफ्टमध्येच त्यांच्या टकलावर हातातली भाजीची पिशवी घालावीशी वाटली. गेल्या आठवड्यात चौकात एक बाई उलट्या बाजूनं आली, फोन दुपट्ट्यात खोचलेला, हेल्मेट कोपराला अडकवलेलं, जणू डोकं तिथं आहे. मी आडवा उभा राहिलो. म्हणाली, "काका, बे मिनिटनुं काम छे. चाले ने." मी म्हटलं, "नथी चालतुं." ती म्हणाली, "तो तमे घरे बेसो ने, काका, आ उंमरे रस्ता पर शुं करो छो?" आणि गेली. चाले. या शहरात सगळं चालतं. सिग्नल तोडलेला चालतो, दारू पिऊन चालतं, पाठीमागे तीन पोरं बसवून चालतं. मी घरी आलो आणि दोन तास धुमसत होतो. आणि धुमसता धुमसता आठवलं की महिन्यापूर्वी औषधाच्या दुकानातून येताना पुढचं वळण लांब पडतं म्हणून मीही शंभर पावलं उलट्या बाजूनंच गाडी आणली होती. बे मिनिटनुं काम होतं.

असो. ज्या रविवारचं सांगायचं आहे, त्या रविवारी सुधाताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, बघून पसंत केलेली पुण्याची मंडळी लग्नाच्या याद्या ठरवायला आली होती. मुलाचे वडील होते, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, आणि मुलगा होता. अण्णा सकाळपासून बडोद्याच्या गोष्टी सांगून त्यांना दमवत होते, आणि बोलता बोलता गाडी माझ्यावर आली.

"आमचा विनू सयाजीगंजातून पाच मिनिटांत आणतो उसळ," अण्णा म्हणाले. "माझा चष्मा धुरकटला पाहिजे. नाही धुरकटला तर याद्या तुम्ही म्हणाल तशा."

रावसाहेब हसले. "पाच मिनिटांत? मग मीही चष्मा लावून बसतो."

"विनू, दोन चष्मे आहेत बरं का," अण्णा म्हणाले. सगळे हसले. आई आतून म्हणाली, "हळू जा रे," पण ते ती मी कुठंही निघालो की म्हणायची, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही. मलाही नाही.

जाताना रस्ता मोकळा होता. डबा भरला, वर वेगळ्या पुडीत शेव आणि लीलो कांदो, म्हणजे कांद्याची पात, आणि पाव पिशवीत. परत निघालो. पूल ओलांडला, कोठीला एक बस डावीकडून मागं टाकली, रावपुऱ्यात कुणीतरी शिवी दिली ती अर्धीच ऐकू आली. मनात मी घड्याळ पाहत होतो आणि चार मिनिटांत बसेल असं वाटत होतं. आमच्या वळणावर आलो तेव्हा समोर मासी गल्ली ओलांडत होती. तिच्या हातात घडी केलेले चार ब्लाऊज होते, सुधाताईचे. पाहुण्यांना दाखवायला म्हणून ती ते घेऊन निघाली होती.

मला ती दिसली. हे मी आयुष्यात फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. ती एकदम आडवी आली, असं झालं नाही. ती मला नीट, पूर्ण, तिच्या खाकी रंगाच्या चपलांसकट दिसली. वेळ होता. पाय उचलून ब्रेकवर ठेवायला लागतो तेवढा वेळ होता. पाय उचलला असता तर डबा कलंडला असता. मी पाय उचलला नाही. मी हॉर्न दाबला.

पुढचं अंगठ्याएवढ्या तुकड्यांत आठवतं. मासीचा आवाज आला नाही, एक कोरडा आवाज आला, लाकडी फुटपट्टी मोडावी तसा. स्कूटर कडेच्या घराच्या ओट्याला घासून थांबली. माझं कोपर सोललं. मासी बसल्यासारखी रस्त्यावर पडली होती आणि तिचा उजवा पाय घोट्यापासून भलत्याच दिशेला होता. ब्लाऊज चहूकडे पडले होते. आणि डबा माझ्या दोन पायांत होता. तसाच. एक थेंब सांडला नव्हता.

गल्ली जमली. आणि गल्ली जमल्यावर काय होतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, नंतर या शहरात शेकडो वेळा पाहिलं. लोकांनी मला धरलं. "लागलं का रे?" "पाणी द्या त्याला." "साखर घाला पाण्यात." कुणीतरी हळद आणली, माझ्या कोपराला. एक म्हातारा मासीकडे बघून म्हणाला, "जोईने चालवुं जोईए ने, बेन." बघून चालायला हवं होतं तिनं! आणि रस्त्यावर बसलेल्या मासीनं, वेदनेनं पांढऱ्या पडलेल्या तोंडानं, मान हलवली, जणू तिलाही ते पटलं होतं. आईच तेवढी अनवाणी धावत आली. तिनं आणि जयेशनं मासीला उचलून रिक्षात घातलं आणि आई तिचा पाय मांडीवर घेऊन दवाखान्यात गेली. मी त्या रिक्षात बसलो नाही. मी साखरेचं पाणी पीत होतो.

डबा जयेशनं घरात नेऊन ओट्यावर ठेवला. अण्णा बाहेरून आत आले, हात धुतले, आणि सवयीनं, मी शपथेवर सांगतो केवळ सवयीनं, त्यांनी झाकण उघडलं. दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. बाहेरून रावसाहेब म्हणाले, "मंडळी, तुमचा मुलगा बचावला, हे महत्त्वाचं." मग कुणीतरी म्हणालं की पाहुण्यांना उपाशी किती वेळ ठेवायचं. मग वाट्या मांडल्या गेल्या. त्यांनी ती उसळ खाल्ली. माझ्याच्यानं हे आजही शांतपणे लिहवत नाही. त्यांनी वरून शेव घातली, लिंबू पिळलं, आणि खाल्ली. सुधाताई खायला बसली नाही. ती रस्त्यावर जाऊन ब्लाऊज गोळा करत होती. एकावर टायरचा पट्टा उमटला होता.

हवालदार यायला अजून अवकाश होता. अण्णांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. तिथं त्यांनी स्कूटर आणली होती. हातात पक्कड होती. उकिडवे बसून त्यांनी मागच्या चाकाजवळची ब्रेकची वायर शोधली. त्यांना स्कूटरमधलं काहीच कळत नसे, पण ती वायर त्यांनी बरोबर शोधली. पक्कडीनं तोडली. मग तोडलेल्या टोकाकडे थोडा वेळ पाहिलं, आणि बोटांनी त्यातली एक एक तार उलगडून वेगवेगळ्या लांबीची केली, काही वाकवली, काहींना माती लावली. झिजून झिजून तुटल्यासारखी दिसावी म्हणून.

"व्यवस्थित नको," ते माझ्याकडे न बघता पुटपुटले.

मी उभा होतो. मी म्हटलं नाही की अण्णा, हे काय करता. अण्णांना वाटत होतं की ते माझ्या वेगावर पांघरूण घालताहेत. डब्यावरच्या पायाचं त्यांना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेला मी एकटा होतो, आणि मला तर त्या तुटलेल्या वायरकडे बघून हायसं वाटत होतं.

हवालदार आला, वायर पाहिली, "मशीनरी छे, शुं करीए," म्हणाला आणि लिहून घेऊन गेला. जाताना चहा पिऊन गेला. रावसाहेब जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "देवानं सांभाळलं." माझ्याच पाठीवर. सुधाताईनं एकदाच विचारलं, "विनू, ब्रेक का नाही लावलास?" मी म्हटलं, "वायर तुटली." तिनं अण्णांच्या हातांकडे पाहिलं, नखांत ग्रीस होतं, आणि मग माझ्याकडे. तीन आठवड्यांनी तिचं लग्न झालं. टायरचा पट्टा असलेला ब्लाऊज आईनं तीनदा धुतला, तरी तो गेला नाही. सुधाताईनं तोच घालून गौरीहर पुजला. मासी लग्नाला येऊ शकली नाही. तिच्या घरून मशीनचा आवाज येत नव्हता. सकाळी जाग यायची आणि गल्लीत काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, आणि मग काय चुकलंय ते आठवायचं.

मी रोज मोसंबी घेऊन जायचो. गाढवपणाला सीमा असते असं लोक म्हणतात, पण माझ्या मोसंब्यांना नव्हती. मासीचा पाय प्लास्टरमध्ये पाटावर ठेवलेला असे. बायका येऊन आपापली कापडं परत घेऊन जात होत्या, लग्नसराई होती, कुणाला थांबायला वेळ नव्हता. मी मोसंबी सोलायचो, इकडचं तिकडचं बोलायचो, जयेशच्या नकला करून तिला हसवायचो, आणि सुटलो म्हणून घरी यायचो.

दोन महिने झाल्यावर एके दुपारी तिनं माझ्या हातातलं मोसंबं काढून घेतलं आणि खाली ठेवलं. "बस, नीचे बस," म्हणाली. मशीनखालच्या, पायानं दाबायच्या लोखंडी पायट्याकडे बोट दाखवलं. "हाथथी चलाव. एक ब्लाऊज पूरो करवानो छे."

मी मशीनखाली शिरलो, मांडी घालून बसलो, आणि दोन्ही हातांनी ते पायटं दाबू लागलो. वर मासी बाजूच्या स्टुलावर बसून कापड सरकवत होती. मला वाटलं, हे तर सोपं आहे. आणि स्वभावाप्रमाणे मी वेग वाढवला. खडखडखडखड. वरून मासीचा तळहात चाकावर आदळला आणि मशीन गचका खाऊन थांबलं.

"ऊपर आव. जो." मी डोकं बाहेर काढून बघितलं. सुईपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर तिचं बोट होतं. "विनू, तू नीचे छे, तने नथी देखातुं. आंगळी मारी छे, माझी."

मी पुन्हा खाली बसलो. आता हळू. इतकं हळू की हात दुखायला लागले. जोरात हाणणं सोपं असतं. दुसऱ्याच्या बोटाच्या अंतरानं चालवायला दम लागतो, हे मला अंगठ्यांपर्यंत कळत होतं. थोडी शिवण झाल्यावर वरून, माझं तोंड तिला दिसत नसताना, मासी बोलायला लागली.

"मशीनवाळी बाई पहिलं काय बघते, माहीत आहे? पग. माणसाचा पाय बघते. ते दिवसे में तारो पग जोयो. डब्बा पर हतो."

माझे हात थांबले.

"रोज वाट बघत होते," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज मला कधीच ऐकू न आलेला होता. "रोज. आजे बोलशे. आजे बोलशे. आणि तू रोज मोसंबी! मोसंबी! मला मोसंबीचा वास सहन होत नाही आता. ब्रेक तूटी गई, म्हणे! मी रस्त्यावर पडलेली होते आणि सगळे मला म्हणत होते बघून चाल, आणि तू उभा होतास. मीच म्हटलं, हो, माझीच चूक. कारण सुधानां लगन हतां. माझ्यामुळे ते मोडलं असतं तर? पण लग्न झालं, विनू. हवे शेनी राह जुए छे? आता कशाची वाट बघतोस?"

मशीनखाली बसलेला माणूस तोंड लपवायला फार चांगल्या जागी असतो. मी म्हटलं, "मासी, माफ कर." ती म्हणाली, "मला काय सांगतोस? मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. घरे जईने कहे. तारा बापने. डब्बा उघडे त्यारे."

तर पुढच्या रविवारी मी सयाजीगंजात पायी गेलो. पायीच आलो. डबा दोन्ही हातांत. वायर नवी बसवलेली स्कूटर घरी उभी होती. रावपुऱ्यात जयेश ओरडला, "रॉकेट, पेट्रोल खलास?" पाऊण तास लागला. आईनं तो डबा चुलीवर ठेवून पुन्हा उकळला. अण्णा पूजा करून आले. झाकण उघडलं. काचा पांढऱ्या झाल्या, आणि ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, "अण्णा, ब्रेक चालू होता. त्या दिवशी. मासी मला दिसली होती. माझा पाय डब्यावर होता. मी तो उचलला नाही. उसळ सांडेल म्हणून."

अण्णा तसेच उभे राहिले. चष्मा पांढरा असल्यामुळे त्यांचे डोळे मला दिसत नव्हते, आणि मी त्यांना दिसत नव्हतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे दाखले उजेडाला धरणारा तो माणूस. मला वाटलं, आता ते मला मारतील. मला वाटलं, मारावंच. मला वाटलं, ते पक्कडीबद्दल काहीतरी बोलतील, निदान एक वाक्य, की आपण दोघांनी मिळून हे केलं. आई ओट्याला धरून उभी होती. वाफ हळूहळू काचांवरून ओसरली. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. वाट्यांकडे पाहिलं.

"बस," ते म्हणाले. "गार होतंय."

अण्णांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यावरचा माझा राग मात्र गेला नाही, तो अजून ताजा आहे. लोकांना वाटतं मी चौकात परक्या बायकांवर ओरडतो. मी त्या ओट्यापाशी ओरडत असतो. तिथं मात्र मी ओरडलो नाही, तेही सांगून टाकतो. मी बसलो. दोन वाट्या खाल्ल्या. उसळ चांगली झाली होती. भूक लागली होती, पाऊण तास चाललो होतो.

दुपारी मासीकडे गेलो. हातात मोसंबी नव्हती. ती खिडकीपाशीच होती, प्लास्टर निघालं होतं, पाय मात्र पुढं कधी पूर्वीसारखा झाला नाही; पायटं दाबायला तिला शेवटपर्यंत कुणीतरी लागलं, आणि कॉलेज संपेपर्यंत ते कुणीतरी मी होतो.

"कह्युं?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"शुं बोल्या?"

मी सांगितलं काय म्हणाले ते. मला वाटलं ती हसेल, किंवा रडेल, किंवा अण्णांच्या नावानं बोटं मोडेल. तिनं कापड सुईखाली सरकवलं, बोट त्याच्या कडेला ठेवलं, अगदी सुईला लागून, आणि मानेनं मला खाली बसायची खूण केली. मी बसलो.

"चलाव," ती वरून म्हणाली. "धीमे."